१५ किलो आणि १८ तास



आजचा विषय मी ठरवलेला नाही, तो एका चिठ्ठीने ठरवला. मागच्या वेळी आपण न्यायदर्शनातल्या अनुमानावर बोललो. डोंगरावर धूर दिसला म्हणून तिथे अग्नी आहे, वगैरे. व्याख्यान संपलं, चहा झाला, आणि निघताना एका गृहस्थांनी घडी केलेला कागद हातात ठेवला. मला वाटलं व्याप्तीबद्दल काही शंका असेल. विठ्ठलवाडीच्या रिक्षात बसल्यावर उघडून पाहिला, तर त्यात लिहिलं होतं :

'सर, तुम्ही निवृत्तीनंतर स्कूबा डायव्हिंग शिकलात असं कळलं. माझी मुलगी पुढच्या महिन्यात अंदमानला डायव्हिंगला चालली आहे. स्वतःचं सामान विकत घेऊन न्यायचं म्हणते. विमानात १५ किलोच चालतं. काय घ्यावं, काय घेऊ नये? शनिवारी दुपारी दोनपर्यंत तिचं शेवटचं डायव्हिंग, संध्याकाळी बोटीने पोर्ट ब्लेअर, आणि रविवारी सकाळी सातचं परतीचं विमान.'

आता प्रश्न सामानाचा आहे. पण मला अस्वस्थ केलं ते शेवटच्या वाक्याने. का, ते पुढे येईलच. विचारलंय त्याचं उत्तर आधी देतो. एक सांगून ठेवतो, मी काही मोठा पाणबुड्या नाही. साठीनंतर शिकलो, दर वेळी डॉक्टरांकडून तपासून घेऊनच जातो. पण सामान बांधण्यात मी भरपूर चुका केल्या आहेत, त्या अर्थाने अनुभवी आहे.

सगळं सामान पलंगावर मांडा आणि प्रत्येक वस्तूला दोन प्रश्न विचारा. ही तिथे मिळते का? आणि दुसऱ्याची चालते का?

पहिली वस्तू सिलिंडर. नेहमीचा ॲल्युमिनियमचा सिलिंडर रिकामा असतानाच साधारण १४ किलो भरतो. भरलेला सिलिंडर विमानात नेता येत नाही. रिकामा न्यायचा तर व्हॉल्व्ह काढून, आत काही नाही हे दिसेल असा न्यावा लागतो. हा खटाटोप करायचंच कारण नाही. डायव्हिंगच्या प्रत्येक ठिकाणी सिलिंडर असतात, आणि तुमच्या सिलिंडरातली हवा आणि माझ्या सिलिंडरातली हवा यांत फरक नाही. फक्त ती स्वच्छ हवी. ते काम कंप्रेसरवाल्याचं.

दुसरी वस्तू शिसं. माणूस पाण्यात तरंगतो, वेटसूट त्याला आणखी तरंगवतो, म्हणून खाली जायला कमरेला चार-सहा किलो शिसं बांधावं लागतं. जमिनीवर ज्या वजनाचा जाच होतो, पाण्यात नेमकं तेच हवं असतं. पण शिसंही सगळीकडे मिळतं. तेव्हा सर्वांत जड दोन वस्तू यादीतून गेल्या.

आता दुसरं टोक. मास्क. चेहरा प्रत्येकाचा वेगळा. भाड्याचा मास्क गालाशी नीट बसला नाही तर आत पाणी शिरत राहतं, आणि नवशिक्या माणसाचं सगळं लक्ष तिकडेच जातं. म्हणून पहिली खरेदी मास्कचीच करायची. घेताना पट्टा न लावता चेहऱ्याला टेकवा आणि नाकाने हलकासा श्वास आत ओढा. हात सोडल्यावरही तो चिकटून राहिला तर तुमचा. ज्यांना चष्मा आहे त्यांच्यासाठी नंबरच्या काचा मिळतात. माझ्या वयाच्या मंडळींसाठी आणखी एक गोष्ट : खालच्या बाजूला वाचायचा नंबर बसवून घ्या. नाहीतर १५ मीटर खोलीवर हातातल्या घड्याळाचे आकडे दिसत नाहीत, आणि ते आकडे मौजेसाठी नसतात.

ते 'घड्याळ' म्हणजे डाइव्ह कॉम्प्युटर. मनगटावर बांधायचं यंत्र. तुम्ही किती खोल, किती वेळ होता, अजून किती वेळ थांबता येईल, याचा हिशेब ते ठेवतं. हे दुसऱ्याचं चालत नाही, कारण तो हिशेब तुमच्या शरीराचा असतो. सकाळी ते दुसऱ्या कुणाच्या हातात असेल, तर दुपारी तुमच्या हातात त्याच्या सकाळच्या डाइव्हचा हिशेब येतो. वजन शंभरेक ग्रॅम. म्हणजे मास्क आणि कॉम्प्युटर, दोन्ही हलक्या आणि दोन्ही ज्याच्या त्याच्या. या दोन गोष्टी केबिनच्या बॅगेत, हाताशी ठेवायच्या.

खरा विचार मधल्या ढिगाचा करायला हवा. रेग्युलेटर, बीसीडी, फिन्स आणि वेटसूट. हे भाड्याने मिळतं, पण स्वतःचं असेल तर बरं वाटतं.

रेग्युलेटर म्हणजे ज्यातून श्वास घेतो तो. त्याचा संच, गेजसकट, अडीच ते तीन किलो. विणलेल्या नायलॉनच्या नळ्यांचा घेतला तर हलका होतो आणि पिशवीत मुडपतोही चांगला. सिलिंडरला तो जोडायच्या दोन पद्धती आहेत, योक आणि डिन. डिन पद्धतीचा घेऊन सोबत योकचा ॲडॉप्टर ठेवला की दोन्हीकडे काम भागतं. तरीही जिथे जाणार तिथे आधी फोन करून विचारा. आणि आपल्या गावाची ती जुनी थट्टा तुम्हाला माहीतच आहे, मेड इन यूएसए, म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. जीन्सच्या बाबतीत आपण ती हसून सांगतो. रेग्युलेटरच्या बाबतीत मात्र अधिकृत दुकानातूनच घ्या, आणि ज्याची सर्व्हिसिंग आपल्या देशात होते असाच घ्या. याच्यातून श्वास घ्यायचाय.

बीसीडी म्हणजे हवा भरायचं जॅकेट. साधं साधारण चार किलोचं, प्रवासासाठी बनवलेलं अडीच किलोच्या आसपास. प्रवासीमध्ये पाठीची कडक फळी नसते, त्यामुळे ते घडी होतं. फिन्स लांब पात्यांच्या घेऊ नका. आखूड, सुमारे पावणेदोन-दोन किलोची जोडी पुरते. आपल्याकडे पाणी उबदार असतं, तीन मिलिमीटरचा वेटसूट बहुतेकांना पुरतो.

आता बेरीज करू. केबिनच्या सात किलोंत रेग्युलेटर २.७, मास्क आणि स्नॉर्कल ०.५, कॉम्प्युटर ०.१, टॉर्च ०.५. झाले ३.८. खालच्या बॅगेत प्रवासी बीसीडी २.५, फिन्स १.८, बूट ०.८, सूट १.८, पाण्यावर उभा करायचा खुणेचा फुगा आणि त्याची दोरी ०.५, आणि रिकामी बॅग दीड किलो. झाले ८.९. पंधरातून सहा किलो कपड्यांना उरले. म्हणजे पूर्ण संच घेऊन जाता येतं. आता तीनच बदल करा. बीसीडी चार किलोचं, फिन्स तीन किलोच्या, आणि बॅग साडेचार किलोची चाकांची पेटी. बेरीज १४.६. कपड्यांना उरले ४०० ग्रॅम. लुंगी आणि टूथब्रश.

म्हणून म्हणतो, बॅगेच्या वजनाकडे आधी बघा. आपण वस्तू तोलून-मापून घेतो आणि त्या भरतो साडेचार किलोच्या पेटीत. मी माझी थैली इथेच, जीन्स शिवणाऱ्या एका कारागिराकडून जाड कापडाची शिवून घेतली. दीड किलोच्या आत बसली. आणि हुकवाला काटा घरी ठेवा, काउंटरवर वाद घालायची वेळ येत नाही.

सुरक्षा तपासणीबद्दल दोन शब्द. चाकू किंवा दोरी कापायचं पातं केबिनमध्ये चालत नाही, ते खालच्या बॅगेत जातं. सुट्या लिथियम बॅटऱ्या याच्या नेमक्या उलट, त्या केबिनमध्येच, टोकांना चिकटपट्टी लावून. एक बॅटरी १०० वॉट-अवरपर्यंत असेल तर परवानगी लागत नाही. टॉर्चमधली नेहमीची बॅटरी १२-१३ वॉट-अवरची असते, त्यामुळे तिथे अडचण नाही. मात्र टॉर्चमधून बॅटरी काढूनच ठेवा. डायव्हिंगचा टॉर्च पाण्याने थंड राहील अशा बेताने बनवलेला असतो. बॅगेत चुकून सुरू झाला तर तापतो. आणि रेग्युलेटर बघून जवानाने विचारलं, तर मोबाइलमध्ये तो तोंडात धरलेला एक फोटो असू द्या. भाषणापेक्षा लवकर काम होतं.

तर सामान झालं. पण हे सगळं जाताना. येताना काय होतं? येताना सूट ओला असतो, जॅकेट ओलं असतं, जॅकेटच्या पिशवीत आत पाणी राहिलेलं असतं. दोनेक किलो सहज वाढतात. म्हणजे वाळायला वेळ द्यायला हवा. किती? एक अख्खी रात्र आणि थोडा दिवस. हा आकडा लक्षात ठेवा, कारण आता चिठ्ठीतल्या शेवटच्या वाक्याकडे येतोय.

सामानात एक नग असा असतो जो कुणी काट्यावर ठेवत नाही. तो म्हणजे आपलं शरीर. तेही ओलं असतं, पण नायट्रोजनने.

बघा, समुद्रसपाटीला आपल्यावर हवेचा दाब साधारण एक बार. पाण्यात दर दहा मीटरला आणखी एक बार वाढतो. २० मीटरवर तीन बार. दाबाखाली वायू द्रवात जास्त विरघळतो. आपण श्वासात घेतो त्या हवेचा पाचातला चार भाग जवळजवळ नायट्रोजन. शरीर तो वापरत नाही, म्हणून रक्तात, स्नायूंत, चरबीत, सांध्यांत साठत जातो. वर येताना दाब कमी होतो, आणि नायट्रोजन हळूहळू फुप्फुसांतून बाहेर पडतो. हळूहळू हा शब्द महत्त्वाचा. गोटी सोड्याची बाटली आठवा. गोटी खाली दाबली की काय होतं? दाब एकदम गेला, वायू बुडबुडे होऊन उसळला. बाटलीत मजा येते. सांध्यात, मज्जारज्जूत असे बुडबुडे झाले तर त्याला म्हणतात डीकम्प्रेशनचा आजार.

हे कोडं प्रथम पाणबुड्यांनी सोडवलं असं नाही. एकोणिसाव्या शतकात पुलांचे पाये खोदताना दाबाच्या पेट्यांत काम करून बाहेर आलेले मजूर वाकडे होऊन पडत. १८७८ मध्ये पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने यामागे नायट्रोजनचे बुडबुडे आहेत हे दाखवलं. १९०८ मध्ये ब्रिटनच्या जॉन हॉल्डेनने टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टकं दिली. त्याने शरीराचे पाच काल्पनिक कप्पे मानले. एक पाच मिनिटांत अर्धा रिकामा होणारा, मग १०, २०, ४०, आणि सर्वांत संथ ७५ मिनिटांचा. आजचे कॉम्प्युटर याहून संथ कप्पेही मोजतात, पण कल्पना तीच. रक्त लवकर मोकळं होतं. चरबी आणि सांधे रेंगाळतात.

आता यात विमान आणा. विमानाच्या केबिनमध्ये समुद्रसपाटीइतका दाब नसतो. तो ८,००० फुटांपर्यंतच्या उंचीवर असतो इतका कमी होऊ शकतो, म्हणजे सुमारे २,४०० मीटर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. मुलगी खिडकीजवळ सँडविच खात बसली असेल, पण तिच्या सांध्यांच्या दृष्टीने ती कळसूबाईच्याही सातशे मीटर वर बसलेली असेल. समुद्रातून वर आली तेव्हा गोटी अर्धी दाबली होती, आता उरलेली दाबली.

अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात स्वयंसेवकांना दाबाच्या खोलीत 'डाइव्ह' घडवून, काही तासांनी विमानाच्या उंचीवर नेऊन पाहिलं गेलं. अशा कामाच्या आधारे डायव्हर्स अलर्ट नेटवर्कने २००२ मध्ये तज्ज्ञांना एकत्र आणलं, आणि साध्या डायव्हिंगसाठी मार्गदर्शन ठरलं. एकच डाइव्ह केली असेल तर किमान १२ तास थांबा. एकाहून जास्त डाइव्ह, किंवा बरेच दिवस रोज, तर किमान १८ तास. वर येताना मध्ये सक्तीचे थांबे घ्यावे लागतील इतकी खोल किंवा लांब डाइव्ह असेल तर १८ हून बरंच जास्त. आणि हे विमानापुरतंच नाही. हे आकडे २,००० फुटांपासून, म्हणजे सुमारे ६०० मीटरपासून वरच्या उंचीसाठी आहेत. तारकर्लीला दोन-तीन दिवस खोल डायव्हिंग करून त्याच संध्याकाळी गाडीने आंबोली घाटातून बेळगावला निघालात, तर आंबोली सुमारे ६९० मीटर. घाटालाही हा हिशेब लागू होतो. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ प्रशिक्षकाचा हात धरून पाच-सहा मीटरवर थोडा वेळ मासे बघून येणं, यात नायट्रोजन फार साठत नाही. पण तीही डाइव्हच, १२ तासांचा नियम तिलाही पाळावा.

जाता जाता सांगतो, मालवणला जायचं असेल तर विमान कशाला? पनवेलहून कोकण रेल्वे पकडा, कुडाळला उतरा. स्लीपरमध्ये ४० किलो सामान चालतं, आणि गाडी डोंगर चढण्याऐवजी बोगद्यातून जाते.

आता एक गोष्ट सांगतो, माझ्या डोळ्यांसमोर घडलेली. आमच्या गटात एक मित्र होता. पहिल्या सहलीत त्याने शेवटच्या सकाळी नऊ मीटरवर एकच छोटी डाइव्ह केली आणि दुपारच्या विमानात बसला. मी थांबवायचा प्रयत्न केला. तो म्हणाला, 'काही होत नाही.' आणि काही झालंही नाही. पुढची दोन वर्षं तो सगळ्यांना हेच सांगत होता, मी करून बघितलंय, काही होत नाही.

दुसऱ्या सहलीत चार दिवस रोज दोन-तीन डाइव्ह, वीस-बावीस मीटरपर्यंत. उन्हात पाणी कमी प्यालेला. शेवटच्या सकाळी पुन्हा एक डाइव्ह, पुन्हा दुपारचं विमान. विमानात उजवा खांदा दुखायला लागला. तो म्हणाला, बॅग उचलून लचकला असेल. सूट ओला, जॅकेट ओलं, बॅग खरंच जड होती, त्यामुळे आम्हालाही ते पटलं. घरी जाऊन त्याने बाम चोळला. दोन दिवसांनी बोटं बधिर झाली तेव्हा डॉक्टरांकडे गेला, आणि तिथून दाबाच्या चेंबरमध्ये. बरा झाला. पण अंगठ्याचं टोक अजून बधिर आहे. शर्टाचं बटण लावताना त्याला बघावं लागतं.

मागच्या व्याख्यानाला आलेल्यांना 'उपाधी' आठवत असेल. जिथे अग्नी तिथे धूर, हे अनुमान खोटं का ठरतं? कारण धुरासाठी नुसता अग्नी पुरत नाही, ओलं सरपण लागतं. तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. ओलं सरपण ही लपलेली अट, उपाधी. माझ्या मित्राच्या 'काही होत नाही'मध्ये अशीच एक अट लपलेली होती : एकच डाइव्ह, उथळ, थोडा वेळ. अट बदलली, पण वाक्य तेच राहिलं. त्याला चुकीचं शिकवलं ते पहिल्या वेळच्या सुखरूप प्रवासाने.

म्हणून लक्षणं सांगून ठेवतो. डायव्हिंगनंतरच्या दिवसभरात सांधे दुखणं, मुंग्या, बधिरपणा, अशक्तपणा, चक्कर, विनाकारण खूप थकवा, अंगावर चट्टे. यातलं काही झालं तर बॅगेला दोष देऊ नका. विमानात बसू नका. ऑक्सिजन घ्या, डॉक्टर गाठा, आणि डायव्हिंग केलं होतं हे त्यांना आपणहून सांगा. बसल्यावर लक्षात आलं, तर विमानातल्या कर्मचाऱ्यांना लगेच सांगा. लाजू नका.

आता त्या गृहस्थांना. समोर बसलेत, दिसतायत मला. शनिवारी दोन ते रविवारी सात, झाले १७ तास. तुम्ही म्हणाल, एका तासाने काय होतंय? खरं आहे, अठराव्या तासाला शरीरात कुठलीही घंटा वाजत नाही. १७ तासांनी प्रत्येकाला आजार होतो असं नाही, आणि १८ नंतर होणारच नाही अशी कुणी हमीही देत नाही. पण आज एका तासाने काय होतंय म्हणणारा उद्या सोळाला तेच म्हणतो आणि परवा पाचला. रेघ कुठेतरी मारावी लागते, आणि ती विमानतळावर मारता येत नाही. तिकीट काढताना मारावी लागते. शिवाय १८ हा किमान आकडा आहे, तिथे काटा टेकवायचा नसतो.

तेव्हा दोनपैकी एक करा. शनिवारचं डायव्हिंग सकाळी दहापर्यंत संपवायला सांगा, २१ तास मिळतात. किंवा सरळ सोमवारचं विमान घ्या. रविवारी तिने सेल्युलर जेल बघावं, तोवर सूट वाळेल, बॅग दोन किलोंनी हलकी होईल. तिकीट बदलायला जो खर्च येईल, तो बीसीडीच्या खर्चातून काढा. पहिल्याच सहलीला बीसीडी आणि रेग्युलेटर भाड्याचे चालतात. मास्क आणि कॉम्प्युटर तेवढे घेऊन द्या.

आणि जमलं तर आज रात्रीच फोन करून तिला ही तिकिटाची गोष्ट सांगा. सामानाचं उद्या सांगितलं तरी चालेल.